लिहून देते

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर, समाजमंदिराच्या ओट्यावर बसून मी वनहक्काचे दावे भरताना पाहत होते. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. छापील अर्ज, हाताने काढलेला नकाशा, पंचनामा आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब असा कागदांचा गठ्ठा प्रत्येक दाव्यामागे जोडायचा होता. हा जबाब कायद्याने पुरावा म्हणून चालतो. ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, ज्यांना दंडाची पावतीसुद्धा धड मिळाली नाही, त्यांच्या बाजूने म्हाताऱ्यांची आठवण हाच दस्त.

एका दाव्यासाठी एक आजी बोलायला बसली. नांगर कुठून कुठवर फिरायचा, राब कुठे भाजायचा, बांधावरचा आंबा कुणी लावला, फॉरेस्टवाल्यांनी उभी नागली गुरांना कधी चारली, हे सगळं ती सांगत होती. साल मात्र तिला आकड्यात सांगता येत नव्हतं. ‘मोठी पोर रांगत होती तवा,’ असं ती म्हणायची. मग लिहिणारा पोरगा त्या पोरीचं आजचं वय विचारून बोटांवर वजाबाकी करायचा. शेजारी तिचा नवरा बसला होता. त्याला काही विचारलं की तो आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा.

दोन पानं भरली. शेवटी पोराने नाव विचारलं. आजीने थोरल्या मुलाचं नाव घेतलं आणि ‘त्याची आई लिही’ म्हणाली. ‘तसं चालत न्हाई आजी, नाव लागंल,’ पोरगा म्हणाला. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने स्वतःचं नाव सांगितलं. ते सांगताना ती किंचित हसली. फार दिवसांनी भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तशी.

मग पोरगा जबाब वाचून दाखवू लागला. तिथे पुढे काय झालं ते या प्रस्तावनेच्या शेवटी सांगेन. त्याआधी सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा हिशेब मांडायला हवा. त्याशिवाय त्या ओट्यावरची ती एक गोष्ट किती महाग पडली आहे हे कळणार नाही.

या पुस्तकात महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या हक्कांसाठी लढलेल्या बायकांच्या हकिकती आहेत. काही बाहेरून आल्या, शिकलेल्या, शहरातल्या. बऱ्याच तिथल्याच, पाड्यावरच्या, कपाळाला गवताच्या भाऱ्याचा पट्टा बांधून चालणाऱ्या. या हकिकती गोळा करताना जुनी वर्तमानपत्रं चाळली, संघटनांचे अहवाल आणि आठवणींची पुस्तकं वाचली. सगळीकडे एक वाक्य भेटत राहिलं: ‘मोर्चात बायकाही होत्या.’

या वाक्यातला ‘ही’ मला सोडेना. मराठीत ‘ही’ हे लहानसं अव्यय फार मोठं काम करतं. ‘पाहुणे आले, त्यांच्याबरोबर कुत्राही आला.’ मुख्य गोष्ट सांगून झाली की उरलेल्याला ‘ही’ लावून ओळीच्या शेवटी बसवायचं. बायका मोर्चाच्या पुढे चालल्या असतील, निम्म्याहून जास्त असतील, पोलिसांच्या गाडीसमोर आडव्या झाल्या असतील. वृत्तांतात त्या ‘ही’च्या मागे उभ्या असतात. हे पुस्तक वाचताना माझी वाचकाला एकच विनंती आहे. हा ‘ही’ दिसला की क्षणभर थांबा.

सुरुवात 1945पासून करावी लागते, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यापासून.

डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत तेव्हा वारली माणूस स्वतःच्या कसणुकीच्या जमिनीवर कूळ होता आणि मालकाच्या दारात वेठबिगार. मालक हाक मारेल तेव्हा स्वतःचं शेत टाकून त्याच्या शेतावर जायचं, मजुरी मिळाली तर मिळाली. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी काढायची आणि सुगीला ती दिढीने फेडायची. 1930च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याकडून या भागाची पाहणी करवून घेतली. वेठीला नकार देणाऱ्याला झोडपलं जातं, खांबाला बांधून चाबकाने मारलं जातं, हे त्या सरकारी अहवालातच आहे. बायकांवरच्या जुलमाचाही उल्लेख त्यात आहे. बघा, मीसुद्धा ‘ही’ लावून मोकळी झाले.

या जुलमाचा एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. त्याला नाव होतं लग्नगडी. लग्नासाठी वारली तरुण मालकाकडून पैसे उचलायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे गडी म्हणून राबायचा. कर्ज फिटायचं नाही. हिशेब मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या कपाटात. कर्ज नवऱ्याने काढलेलं असलं तरी राबायची दोघं, म्हणजे नवरी ज्या घरी आली त्या घराबरोबर ती मालकाच्या वहीतही दाखल व्हायची. फरक एवढाच की वहीत तिचं नाव नसायचं. एका नावावर दोन माणसं गहाण.

यातली क्रूर गंमत अशी, की वारल्यांचं लग्न लावते बाई. धवलेरी. लग्नविधीची गाणी तिला येतात. ती गात नाही तोवर लग्न लागत नाही. भिंतीवर लग्नचौक लिहितात त्या सवासिणी. म्हणजे ज्या समाजात लग्नाचा अधिकार बाईच्या गळ्यात आणि बोटांत होता, त्याच समाजाच्या बाईला लग्न नावाच्या कर्जाने बांधून टाकलं होतं. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागात कागद आणि रंग नेले. चौकाची चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि जगभर गेली. त्या चित्रांबरोबर पहिलं नाव गाजलं ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. ते थोर चित्रकार होते, 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण भिंतीवर सही करायची पद्धत नसते. कागद आला की सही येते, आणि सही आली की कुणाची हा प्रश्न येतो. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवासिणींची नावं भिंतीबरोबर सारवली गेली.

या मुलखात गोदावरी परुळेकर आल्या. माहेरच्या गोखले, जन्म 1907चा, पुण्याचा. वडील वकील. स्वतः गोदावरीबाई महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा-पदवीधरांपैकी एक. भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. साक्षरता प्रसाराचं काम त्यांनी केलं, मुंबईत घरकामगारांना एकत्र आणलं, 1939मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न करून दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला, युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवास भोगला. जानेवारी 1945मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे उंबरगाव-डहाणूकडचे मोजके वारली आले होते. त्यांचं ऐकून परुळेकर पतिपत्नी त्या भागात गेले. 23 मे 1945 रोजी झरी गावात पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, मार खाऊन घ्यायचा नाही असं ठरवून उठले.

पुढचं गणित गवताचं होतं. ठाणे जिल्ह्यातलं गवत रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं, त्या काळी त्यात मोठा पैसा होता. पावसाळा सरला की माळावरचं गवत कंबरेएवढं होतं आणि त्याची पाती हाताला ब्लेडसारखी कापतात. विळ्याने कापायचं, पेंढ्या बांधायच्या, भारा करून काट्यापर्यंत वाहून न्यायचा. काटा मालकाचा. कामाचं माप पाचशे पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. ऑक्टोबर 1945मध्ये वारल्यांनी पाचशे पौंडांना अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. गवत काही थांबत नाही. वाळून कोळ झालं की त्याला कुणी विचारत नाही. मालकांच्या एवढ्या मोठ्या टोळीला कोंडीत पकडायला तेवढाच एक महिना हातात होता आणि वारल्यांनी नेमका तो पकडला. या विळ्यांपैकी निम्मे बायकांच्या हातातले होते हे गवत कापताना ज्याने कुणी पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. पण संपाच्या इतिहासात ‘वारली मजूर’ आहेत. मजूर हा शब्द मराठीत चटकन पुरुष होतो.

10 ऑक्टोबरला तलवाड्यात गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवली गेली. हजारो माणसं रातोरात जमली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. माणसं का जमली होती? जमिनीसाठी नाही, मजुरीसाठीही नाही. काही महिन्यांपूर्वी ओळख झालेल्या एका बाईला वाचवायला. ती वारली नव्हती, तिची भाषा वेगळी होती, तिच्या पायात चपला होत्या. या माणसांनी तिला गोदाराणी म्हटलं.

परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढण्यात आलं. चळवळ थांबली नाही. 1946च्या अखेरीस जंगल ठेकेदारांना दिवसाला सव्वा रुपया मजुरी कबूल करावी लागली. वेठ आणि लग्नगडी तर मोडलेच होते. त्या मोडण्याचा हुकूम कुठल्या सरकारने काढला नव्हता. झरीला जमलेल्यांनी उठून घरी जाताना तो काढला होता.

गोदावरीबाईंनी हे सगळं 1970मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. 1972मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत हे पुस्तक अजून वाचलं जातं, आणि त्याचं कारण त्यातल्या लढ्याइतकंच लिहिणारीच्या नजरेत आहे. मालकाला पाहताच आडोशाला पळणारा माणूस ताठ कसा होत जातो, हे तिने अगदी जवळून पाहिलं. 1986मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 1996मध्ये त्या गेल्या. सोलापूरजवळ कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीला त्यांचं नाव आहे. पत्ता सांगताना हजारो बायका रोज ‘गोदूताई’ म्हणतात. पुढाऱ्याच्या वाट्याला याहून चांगलं स्मारक येत नाही.

तरीही त्या पुस्तकाच्या नावाजवळ मी थबकते. ‘माणूस’ हा शब्द सगळ्यांना पोटात घेतो म्हणतात, पण त्याचं क्रियापद ‘होतो’ आहे. जागी झालेली बाई या वाक्यात आहे, दिसत मात्र नाही. हा दोष गोदावरीबाईंचा नव्हे. आपल्या भाषेची घडीच तशी आहे. ती उलगडायला दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं.

त्याच 1945मध्ये, त्याच कोपऱ्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. 1957मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. बालवाडी पोरांच्या अंगणात भरवली, तिची अंगणवाडी झाली. तो शब्द आज देशभर सरकारी कागदावर आहे. या दोघींनी लाल बावटा हातात घेतला नाही आणि त्यांच्या पद्धतीवर चळवळीतल्या लोकांनी नाकंही मुरडली असतील. मला मात्र या दोन कामांत भांडण दिसत नाही. वही मालकाच्या कपाटात होती तोवर हिशेब फिटणार नव्हता. एकीने कपाटावर धडक दिली, दुसरीने वही वाचणारी पोरं तयार केली. त्या ओट्यावर बोटांवर वजाबाकी करणारा पोरगा यांपैकी नेमका कुणाचा, हे मला ठरवता येणार नाही.

इथून आपण तापीच्या खोऱ्यात जातो. शहादा तालुका, तेव्हाचा धुळे जिल्हा. इथल्या भिल्लांच्या जमिनी कर्जापायी हातातून गेल्या होत्या आणि त्याच शेतांवर ते सालदार म्हणून राबत होते. पीक संरक्षणाच्या नावाखाली जमीनदारांनी पगारी राखणदार पाळले होते. बांधावरून भाजी खुडणारी बाई त्यांच्या लेखी चोर. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने भजनी मंडळांपासून सुरुवात करत लोकांना उभं केलं. जानेवारी 1972मध्ये भू-मुक्ती परिषद झाली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. दुष्काळ दारात होता.

शहाद्याच्या बायकांनी जे केलं ते तोवर कुठल्या जमिनीच्या लढ्यात फारसं झालं नव्हतं. मजुरीच्या मागणीसाठी मोर्चात पुढे असलेल्या याच बायका शिबिरांत बसल्या, एकमेकींचं ऐकू लागल्या, आणि लढा शेताच्या बांधावरून घराच्या उंबऱ्यापर्यंत आला. 1973पासून त्या टोळ्यांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडू लागल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावासमोर उभं करून जाब विचारू लागल्या. मालकाने मारायचं नाही हे संघटनेने शिकवलं होतं. मग नवऱ्याने का मारायचं? हा प्रश्न कुठल्या पुस्तकातून आला नव्हता. मारिया मीस, गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बायकांबद्दल इंग्रजीत लिहिलं म्हणून जगाला त्या कळल्या. म्हणजे इथेही कागद दुसऱ्यांचा.

या संघटनेत काम केलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता प्रसिद्ध आहे. आदिवासी खाली बसलेले आहेत आणि त्यांचंच दुःख त्यांना वरून कुणीतरी समजावून सांगतंय, अशी ती तक्रार. चळवळीतल्या चांगल्या माणसांनाही ती झोंबली आणि झोंबायलाच हवी होती. ती वाचून मी नेहमी मनात आणखी एक पायरी खाली उतरते. खाली बसलेल्यांमध्येही मागच्या रांगेत, लेकरू मांडीवर घेऊन, कोण बसलं होतं?

आता एका मुलीबद्दल, जिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

1972च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, ठाणं आतून बंद करून, मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो निवाडा. त्यावर 1979मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 8 मार्च 1980ला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. 1983मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद आली आणि अशा खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ हे बाईचं म्हणणं न्यायालयाने मुळात खरं धरून चालावं असं ठरलं.

या सगळ्यात नावाचं काय झालं ते बघा. निकालपत्राच्या मथळ्यावर नाव आहे आरोपी पोलिसाचं, कारण अपील त्याचं होतं. त्या मुलीचं नाव घोषणांत, लेखांत, अभ्यासक्रमांत घरोघर पोचलं. आणि 1983च्या ज्या दुरुस्तीमागे तिची गोष्ट होती, त्याच दुरुस्तीने पुढच्या मुलींची ओळख छापणं हा गुन्हा ठरवला. तिचं नाव देशाला पाठ झाल्यावर हे शहाणपण आलं. शिवाय शहरांतल्या निदर्शनांत ती ‘बाई’ म्हणून उभी राहिली. ती आदिवासी होती, भूमिहीन होती, पोलीस ठाण्याच्या दारात तिच्या बाजूने बोलणारं वजनदार कुणी नव्हतं, ही बाजू हळूहळू गळून पडली.

म्हणून नाव लावण्याबद्दलची माझी तक्रार इतकी सरळ राहत नाही. काही नावं पुसली गेली हा अन्याय. एक नाव तिला न विचारता सगळीकडे लावलं गेलं, हाही अन्यायच. आपलं नाव कुठे लागावं आणि कुठे लागू नये, हे ठरवायचा हक्क तिचा आहे. या पुस्तकात म्हणूनच काही हकिकती नावानिशी आहेत आणि काही बिननावाच्या. दोन्ही त्या त्या बाईला विचारून.

कायद्याच्या कागदावरून बाई कशी निसटते याचं आणखी एक उदाहरण नर्मदेकाठचं आहे. 1979च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात धरणाने विस्थापित होणाऱ्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायचं ठरलं. कुटुंबातला प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरावा, असं त्यात आहे. सज्ञान मुलीबद्दल तसं नाही. 1985नंतर मेधा पाटकर सातपुड्यातल्या पाड्यांवर हिंडू लागल्या, मणिबेलीत ऐन पावसाळ्यात घरात पाणी शिरेपर्यंत सत्याग्रह झाले, त्यात बायका पाण्यात उभ्या राहिल्या. बुडणारी जमीन कसणाऱ्यांत त्या होत्या. बदली जमीन मिळणाऱ्यांच्या व्याख्येत मात्र नव्हत्या.

ही व्याख्या पुढे एका कायद्याने काही अंशी सुधारली. 2006च्या वनहक्क कायद्यात म्हटलं आहे की लग्न झालेल्या दावेदाराच्या बाबतीत हक्काची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने व्हायची. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. 2012च्या नियमांनुसार दाव्यांवरच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश बायका नसतील तर गणसंख्या पुरी होत नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित शेतीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव आजही किती घरांत आहे ते ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावं. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांच्या पट्ट्यावर ते कायद्याने आलं. अर्थात कायद्यात असणं वेगळं आणि पट्टा हातात पडणं वेगळं. दावे वर्षानुवर्षं पडून राहतात, पाच एकर कसणाऱ्याला पाच गुंठे मंजूर होतात.

त्याच रागातून मार्च 2018मध्ये नाशिकहून मुंबईला लाँग मार्च निघाला. सहा दिवस, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. गोदावरीबाईंनी जिची पायाभरणी केली तीच किसान सभा, तोच लाल बावटा, आणि मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची. शेवटच्या रात्री सायनहून आझाद मैदानापर्यंत लोक अंधारातच चालत गेले, कारण सकाळी दहावीचा पेपर होता आणि शहरातल्या पोरांची अडचण व्हायला नको होती. त्या मोर्चातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं छायाचित्र म्हाताऱ्या बायकांच्या सोललेल्या तळव्यांचं. ते पाय महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहेत. चेहरे किती जणांना आठवतात?

या पार्श्वभूमीवर मला नजूबाई गावितांचं लेखन फार मोलाचं वाटतं. धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी घरात वाढलेल्या, शरद पाटलांच्या सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षात काम केलेल्या, जंगल-जमिनीच्या लढ्यात उतरलेल्या नजूबाईंनी ‘तृष्णा’ ही आत्मकथनात्मक कादंबरी लिहिली. नंतर ‘भिवा फरारी’, ‘नवसा भिलणीचा एल्गार’. यातल्या शेवटच्या नावात आडवळण नाही. कुणाचा एल्गार? नवसा भिलणीचा. विदर्भात उषाकिरण आत्राम यांनी गोंड बाईच्या आवाजात कविता लिहिली, त्यांच्या संग्रहाचं नाव ‘म्होरकी’. पुढे चालणारी. इथे लढणारी आणि लिहिणारी एकच आहे. गोदावरीबाईंनी उघडून दिलेल्या वाटेवर ही माणसं आली, हे खरं; पण त्यांनी त्या वाटेवरची भाषा बदलली, हेही तितकंच खरं. ‘आम्ही त्यांच्यासाठी’ असं सुरू होणारं वाक्य त्यांच्या पुस्तकांत येऊच शकत नाही.

या पुस्तकातल्या हकिकती एका मापाच्या नाहीत. काही दहा पानांच्या आहेत, एक तर दीड पानात संपते, कारण सांगणारीने तेवढंच सांगितलं आणि गुरं सोडायची वेळ झाली म्हणून ती उठून गेली. बोली सुधारलेली नाही. जिथे साल नाही तिथे ‘पोर रांगत होती तवा’ तसंच ठेवलं आहे. वजाबाकी वाचकाने करावी. जिथे एकीची आठवण दुसरीशी जुळत नाही, तिथे दोन्ही दिल्या आहेत. मोठ्या नेत्यांची चरित्रं इथे सापडणार नाहीत, ती अन्यत्र आहेत आणि चांगली आहेत. गवताचा भारा काट्यावर ठेवताना काटा किती खाली बसायचा, मोर्चाला जाताना घरी दूधपितं पोर कुणाजवळ ठेवलं, लॉकअपमध्ये लुगडं कसं सावरलं, हे इथे आहे. हक्काची लढाई अशाच गोष्टींनी बनलेली असते.

आता त्या ओट्यावर परत.

पोरगा जबाब वाचत होता. छापील मजकुराची सुरुवात ठरलेली होती, जिथे रिकामी जागा तिथे आजीचं नाव, वय, पाडा त्याने भरलं होतं. ‘मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ तो भरभर पुढे निघाला होता. आजीने हात वर केला.

‘कोण देतो?’

पोराला कळेना. त्याने पुन्हा वाचलं. आजी म्हणाली, ‘झाडं मी सांगितली. देतो कोण?’

नवरा जमिनीकडे बघून गालातल्या गालात हसला. पोराने छापील ‘देतो’वर आडवी रेघ मारली, वरच्या बाजूला बॉलपेनने ‘देते’ लिहिलं आणि खाडाखोड झाली म्हणून शेजारी आजीचा अंगठा घेतला. खाली जबाबाचा एक आणि खाडाखोडीचा एक, असे त्या कागदावर तिचे दोन अंगठे आहेत.